डिपबाईच्या पुड्या

माझी बायको गेली त्या दिवशी स्मशानातून परत आलो, दारात पाय धुतले, कडुलिंबाचं पान चावलं आणि चटईवर बसलो. माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी गॅस पेटत नाही. चहा शेजारच्यांनी आणायचा, ही रीत. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी पातेलं घेऊन येणार होत्या, पण त्यांच्या आधी समोरच्या खोलीतली डिपबाई आली. एका हातात गरम पाण्याचा थर्मास, दुसऱ्या हातात टी बॅगांचा खोका. तिनं जमिनीवर कपांची रांग लावली आणि एकेकापुढे वाकून विचारायला लागली, "कडक की फिका?"

वीस-बावीस माणसं, सगळी मान खाली घालून बसलेली. माझा मेव्हणा बहिणीसाठी हुंदके देत होता. तो हुंदका अर्ध्यावर थांबवून म्हणाला, "मीडियम."

माझं डोकं फिरलं. "अहो बाई, माणूस गेलंय इथं. हॉटेल लावलंय काय?"

ती पुडीचा दोरा चिमटीत धरून उभी राहिली. मुंबईत येऊन पन्नास वर्षं झाली तरी रागावली की बाई मालवणीतच बोलायची. म्हणाली, "माणूस गेला म्हणान वायट चाय पिवची?"

सगळ्यांनी गुपचूप आपापला चहा सांगितला. मी घेतला नाही. मेव्हणा मात्र आजही कुठं मयताला जाऊन आला की मला फोन करतो. "दाजी, माणसं पुष्कळ होती. पण चहा तुमच्याकडच्यासारखा नव्हता."

तर ही डिपबाई. तिचं खरं नाव लिहीत नाही, कारण तिनंच सांगून ठेवलं होतं, "माझा नाव खंय लिवू नको. आयुष्यभर हजेरी रजिस्टरात नाव लिवून कंटाळलंय." आता ती नाही. गेल्या गणपतीनंतर भाच्यानं तिला गावी नेलं आणि ती तिकडेच गेली. कोणी तिच्याबद्दल दोन शब्द बोललं असेल-नसेल. म्हणून मी लिहितो. मी सातवी शिकलोय, पुढं सगळं आयुष्य बस डेपोत फिटर म्हणून गेलं. चुका निघतील. निघू देत.

आमची बिल्डिंग दिंडोशीला. चार मजले, लिफ्ट नाही. डिपबाईनं लग्न केलं नव्हतं. अंधेरीच्या एका कारखान्यात चहाच्या पुड्या बांधायच्या कामावर ती एकतीस वर्षं होती. पुड्या म्हणजे टी बॅगा, दोरा धरून गरम पाण्यात बुडवायच्या त्या. आपल्याकडे त्याला डिप म्हणतात, म्हणून ही डिपबाई. तोंडावर कोणी म्हणायचं नाही. मी एकदा चुकून म्हणालो, तर म्हणाली, "मग? तुका डेपोभाऊ म्हणू काय?" माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. मला सरळ अरे-तुरे करायची, नाहीतर 'मेल्या' म्हणायची. मी तिला बाई म्हणायचो.

तिच्या तळहातात काटा होता. एका पुडीत दोन ग्रॅम चहा. मशिनमधून पुडी आली की हातावर घ्यायची, कमी भरली असली तर बाजूला टाकायची. एकतीस वर्षं हेच केल्यावर हाताला दुसरं काही येतच नाही. आमच्या बाजारात एक कोळीण बसते, जिभेनं जहाल. डिपबाईनं तिच्याकडून बोंबील घेतले, पिशवी नुसती हातात तोलली आणि म्हणाली, "कमी आहेत."

कोळीण उसळली. "काय गं म्हातारे, तुझा हात काय काटा हाय?"

"आहे. घाल परत तराजूत."

घातले. आणखी एक बोंबील टाकला तेव्हा पारडं बरोबर आलं. त्या दिवसापासून कोळीण तिला लांबून बघितलं की एक जास्तीचा टाकायची. म्हणायची, "घे माझे आई, तुझ्या हाताला दंडवत."

तिच्या गॅलरीत कपडे कमी आणि वापरलेल्या पुड्या जास्त वाळत. प्रत्येक पुडी दोऱ्यासकट चिमट्याला लावलेली. नवीन माणसाला वाटायचं हिनं उंदीर मारून शेपटीनं टांगलेत. वाळलेल्या पुड्या ती कढीपत्त्याच्या कुंडीत पुरायची, चपलांच्या कपाटात ठेवायची. एकदा माझ्याही बुटात घातल्या. मी तसाच बूट घालून दूध आणायला गेलो. पायात काय चुरचुरतंय म्हणून वाटेत बूट काढला तर आतून चहा सांडला. परत येऊन मी भांडायला गेलो. म्हणाली, "तुझ्या बुटाच्या वासान माझो जिनो भरलो होतो. आता बघ."

कुठंही गेली तरी पर्समध्ये स्वतःच्या चार पुड्या. हॉटेलात बसायची आणि वेटरला सांगायची, "गरम पाणी आण. उकळता. कोमट आणलंस तर परत पाठवीन." लग्नात, मुंजीत, सगळीकडे हेच. लोक हसायचे. ती झाकण म्हणून कपावर बशी ठेवायची आणि नावं म्हणायला लागायची.

नावांचं सांगायला पाहिजे. तिच्या लाईनीत चोवीस बायका बसायच्या. पुडी पाण्यात किती वेळ ठेवायची ते ती घड्याळात बघायची नाही. बायका ज्या क्रमानं बसायच्या त्या क्रमानं त्यांची नावं सावकाश म्हणायची. शेवंता, मंदा, रोझी, लीला, हमीदा, थोरली सुमन, धाकटी सुमन, अशी पार खिडकीजवळच्या पार्वतीपर्यंत. चहा किती कडक ते तिच्या भाषेत बाईवर ठरायचं. "ही पुडी हमीदाच्या पुढे ठेवू नको, कडू होते." "फिका पाहिजे? मग रोझीला काढ." सोसायटीचे सेक्रेटरी तिला चहाला बोलावलं की विचारायचे, "बाई, आज कोणापर्यंत?"

आता भांडण. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती. चहा माझ्या बायकोनं केला. आम्ही घाटावरचे. आमच्यात चहा म्हणजे पातेल्यात सगळं एकदम घालायचं आणि रंग विटेसारखा होईपर्यंत खदखदा उकळायचं. आलं भरपूर, साखर त्याहून भरपूर. मी चाळीस वर्षं तो चहा प्यायलो. डिपबाईनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि सगळ्या बायकांत म्हणाली, "ह्यो काढो कोणी केल्यान?"

माझी बायको काय कमी होती? "मी केला. नसेल आवडत तर तुमची ती पुडी बुडवा. फडकं धुतल्याचं पाणी पिणाऱ्यांना चहा काय कळणार?"

"तुका चाय कळता? आधी ती मारतंस, मग उकळतंस."

झालं. त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. अकरा वर्षं. समोरासमोर दारं, दोन हात अंतर. एकमेकींचं दूध पिशवीवाल्याकडून घेऊन ठेवायच्या, एकमेकींच्या किल्ल्या सांभाळायच्या, पण बोलायच्या नाहीत. मधे मी. "त्यांना सांगा दूध आलंय." "तिका सांग, ठेव थयच." मी म्हणायचो, अगं मिटव की आता. बायको म्हणायची, "तिनं माझ्या चहाला काढा म्हटलं." बस. यापुढं कोर्ट नाही.

बायको गेल्यावर सहा महिने मी बरा चालत होतो. रडलो नाही असं नाही, पण ते लिहायला कशाला पाहिजे. मग एक दिवस सकाळी दूध गॅसवर ठेवलं आणि सवयीनं ओरडलो, "दुधाकडे बघ गं," आणि आंघोळीला गेलो. मी बाहेर आलो तेव्हा घरात धूर, पातेलं कोळसा, आणि दारावर अर्धी बिल्डिंग.

मुलगी डोंबिवलीहून धावत आली. एकुलती एक. तिनं काही बोलायच्या आधी गॅसचा रेग्युलेटर काढून पर्समध्ये टाकला. दुपार-संध्याकाळचा डबा लावला. आणि चहासाठी विजेची किटली आणि टी बॅगांचे तीन खोके ठेवून गेली. एक हिरव्या चहाचा, एक तुळशीचा आणि एक कसल्या फुलांचा. म्हणे या वयात हेच बरं.

तीन दिवस मी ते फुलांचं पाणी प्यायलो. चौथ्या दिवशी वाण्याकडून साध्या टी बॅगा आणल्या. आठवडाभर त्या पाण्यात बुडवून प्यायलो, मग एक दिवस किटलीत दूध, पाणी, साखर, ठेचलेलं आलं आणि चार पुड्या दोऱ्या-कागदांसकट टाकून बटण दाबलं. म्हटलं, किटली म्हणजे काय, विजेचं पातेलंच की. मी फिटर माणूस, मला कळायला पाहिजे होतं. दूध वर आलं, उतू गेलं, खाली बटणात शिरलं, ठिणगी उडाली आणि आख्ख्या मजल्याची लाईट गेली. घराघरात टीव्हीवर मॅच. शेवटची ओव्हर.

त्या रागात सेक्रेटरींनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, 'सभासदांनी कृपया किटलीत दूध उकळू नये.' मुलगी त्या ग्रुपवर आहे हे मला माहीत नव्हतं. पाच मिनिटांत फोन.

"बाबा, मी रविवारी येते. तुमचे कपडे भरायचे. खोली बंद ठेवू. बास झालं आता."

"मी कुठं येणार नाही."

"दोनदा वाचलात. तिसऱ्यांदा काय? आमच्याकडे बाल्कनी आहे, मोकळी हवा आहे…"

"बाल्कनीत ठेवायला मी कुंडी आहे काय?"

ती रडायला लागली. लहानपणापासून तसंच, भांडता भांडता रडते. मग म्हणाली, "ठीक आहे. माझ्यासमोर, स्वतःच्या हातानं, कुणाच्या मदतीशिवाय एक कप चहा नीट करून दाखवा. नाही जमलं तर मुकाट्यानं यायचं. कबूल?"

"कबूल," म्हणालो. आणि फोन ठेवला. या खोलीत मी बायकोला लग्न करून आणली नव्हती, तेव्हा आम्ही भाड्याच्या जागेत होतो. पण ही खोली दोघांनी मिळून घेतली, आणि ती इथंच, खिडकीकडच्या खाटेवर गेली. मला दुसरीकडे झोप येणार नाही. एवढंच. त्यात काय मोठं तत्त्वज्ञान नाही. चहा जमला नाही तर हे सगळं जाणार होतं, आणि मला आयुष्यात कधी चहा करायची वेळ आली नव्हती.

दार उघडंच होतं. डिपबाई आत आली. जळकी किटली तिनं नाकाजवळ नेली, आतून दोऱ्यांचा गुंता बोटानं वर काढला. पुड्या फाटून लक्तरं झालेली. ती लक्तरं तिनं तळहातावर घेतली.

"ह्येंका कोणी मारल्यान?"

"मी."

"बायलेन चाय करूक शिकवल्यान नाय?"

"तिनं मला स्वयंपाकघरात उभं केलं नाही कधी."

"शहाणी होती," डिपबाई म्हणाली. अकरा वर्षांत बायकोबद्दल तिच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. "उद्या चार वाजता माझ्याकडे ये. हात धुवून ये."

रविवारला सहा दिवस होते. किटली मी खोलून, साफ करून दुरुस्त केली. रोज चारला मी तिच्याकडे. डेपोत शिकाऊ होतो तेव्हा उस्तादनं एवढं छळलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं मला चहा करूच दिला नाही. माझा खोका मागवून घेतला, वास घेतला आणि विचारलं, "कुठं ठेवला होतास?"

"औषधांच्या फळीवर."

"कमरेच्या बामाशेजारी?"

होता शेजारी. पुडीला वेगळं पाकीट नसलं की ती शेजाऱ्याचा वास घेते, हे मला काय माहीत? मी आठवडाभर बामाचा चहा पीत होतो आणि वाटत होतं की बायको गेल्यावर तोंडाची चव गेली. डिपबाई म्हणाली, "पुडी घ्यायची तर पाकिटातली घे. नायतर पत्र्याच्या डब्यात घालून डबा एकटा ठेव. चहा माणसासारखा आहे. ज्याच्याशेजारी बसेल त्याचा वास घेतो."

दुसऱ्या दिवशी तिनं मला गोरेगावच्या मोठ्या दुकानात नेलं. तिकडे टी बॅगांची आख्खी भिंत. मला सगळे खोके सारखेच दिसत होते. तिनं एक खोका उचलून कानाजवळ हलवला, ठेवला. दुसरा हलवला. तिथला सिक्युरिटीवाला तिला ओळखत होता. लांबून ओरडला, "आजी, कोणाचा फोन आलाय?"

"तुझ्या बापाचा. विचारतो, पोरगा काम करतो की नाय?"

तो हसत निघून गेला. मला म्हणाली, "ऐक. खरखर ऐकू आली तर आत कणी आहे. काही ऐकू आलं नाही तर भुकटी. भुकटी वाईट नाही हां. लोक उगाच भुकटीला नावं ठेवतात. आधी पिणारा बघायचा, मग पुडी. दूध घालणारा असेल तर भुकटी पाहिजे, ती झटकन रंग सोडते, दुधाला पुरून उरते. कोरा पिणारा असेल तर कणी." मग तिनं एक भारी खोका उचलला, आत तिकोनी चकचकीत जाळीच्या पुड्या. "ही जाळी कशाची?"

"रेशमाची दिसते."

"प्लॅस्टिकची, मेल्या. प्लॅस्टिक उकळत्या पाण्यात घालून प्यायचं असेल तर घरची बादली काय वाईट?"

घरी आल्यावर तिनं साध्या कागदाची एक पुडी उजेडात धरली. दोऱ्याला पिन मारलेली होती. "ही पिन गरम पाण्यात जाते. गाठ मारता येते, पण गाठीला वेळ लागतो. पिन म्हणजे आळस." मग तिची छोटी कातर काढून पुडी कापली आणि चहा ओल्या कागदावर पसरला. लगेच लाल डाग पडले तर रंग लावलेला, फेकायचा. नाही पडले. पास. एकदा कारखान्यात आख्खी खेप दमट आलेली, मालक म्हणाला जाऊ दे, तर ही म्हणाली, "मी पास करूचंय नाय," आणि आठ दिवस घरी बसली. असं ती सांगायची. मला खोटं वाटत नाही.

माझ्या डोक्यात तोवर काही शिरत नव्हतं. मग मी पुडीचा कागद बोटांत चोळून बघितला आणि म्हणालो, "बाई, हे तर ऑइल फिल्टर आहे. कागद जाड असला तर पाणी आत जाणार नाही, पातळ असला तर कचरा बाहेर येणार. आणि गच्च भरलं तर फिल्टर चोक."

तिनं माझ्याकडे पहिल्यांदा माणसासारखं बघितलं. "आता कसा बोललंस! पुडीत चहाला कूस बदलायला जागा पाहिजे."

त्यानंतर मला सगळं पटापट कळलं. पाणी खळखळ उकळलेलं, ते पुडीवर ओतायचं, पुडी पाण्यात टाकायची नाही. वर बशी. पुडी नाचवायची नाही, पिळायची तर मुळीच नाही. दूध स्टीलच्या पेल्यात, पेला गरम पाण्यात उभा करून तापवायचं, म्हणजे उतू जायचा प्रश्नच नाही. चौथ्या दिवशी मी लीलापर्यंत नावं म्हणून पुडी काढली, दूध घातलं, कप तिच्यापुढे ठेवला. ती प्यायली. डोळे मिटून प्यायली.

"पास," म्हणाली.

मी माझा कप उचलला, दोन घोट घेतले, ठेवून दिला.

"काय झाला? बरी नाय?"

"चांगला आहे."

"मगे पी."

"चांगला आहे, पण मला नको." मग जे सहा महिने कोणाला बोललो नव्हतो ते तोंडातून निघून गेलं. "मला तिचा पाहिजे. मुलीला काय दाखवू हा? ती म्हणेल बाबांना चहा येतो. येत असेल. पण माझ्या घरात हा चहा कधी झाला नाही. हा पीत एकटा बसायचं तर डोंबिवली काय आणि दिंडोशी काय?"

डिपबाई कप उचलून मोरीत गेली. मला वाटलं, गेली. शिकवणं संपलं. तिच्या चहाला मी नको म्हटलं होतं, आणि तेही कोणासाठी!

पाचव्या दिवशी चार वाजले तरी मी गेलो नाही. सव्वाचारला तीच आली. हातात आल्याचा मोठा तुकडा, साखरेचा डबा आणि दोन पुड्या. दुकानात तिनं स्वतःच नापास केलेल्या खोक्यातल्या, बारीक भुकटीच्या.

"बस हय. आणि बघ. हे मी एकदाच करणार."

दोन पुड्या एका कपात. आलं ठेचून त्यातच, सालासकट. पाणी घातलं, बशी ठेवली आणि नावं सुरू केली. शेवंता, मंदा, रोझी. हमीदा गेली. दोन्ही सुमन गेल्या. मी म्हणालो, "बाई, कडू होईल." तिनं हातानंच गप्प केलं. पार्वतीपर्यंत पोचली. पुडी काढली नाही. परत शेवंतापासून सुरू. तिचा चेहरा असा झाला होता की जणू कोणी तिच्याकडून पाप करून घेतंय. दुसऱ्यांदा पार्वती झाली. मग तिनं चमच्यानं दोन्ही पुड्या कपाच्या कडेला दाबल्या, पार शेवटचा थेंब पिळला. अडीच चमचे साखर. दूध. रंग बघितला. विटेचा.

"पी."

मी प्यायलो. तळाचं आलंसुद्धा चावून खाल्लं.

मग विचारलं, "तुम्ही तर एकच घोट घेतला होता. अकरा वर्षांपूर्वी."

"बऱ्या चायची चव माणूस इसारता. वायट चायची मरेपर्यंत जिभेर रवता." मग म्हणाली, "आणि रोज चार वाजता तुमच्या दारातून वास येय. माझी चाय नासवी." दारातून ती आमच्या बंद शेगडीकडे बघत होती. "आता येणा नाय."

सहाव्या दिवशी मी तोच चहा नऊ वेळा केला. डिपबाईनं एकदाही चाखला नाही. नुसता वास घेऊन सांगायची, "साखर कमी." "आला कमी." "अजून वायट कर." नवव्या कपाला तिनं पदर नाकाला लावला, तेव्हा मला कळलं की जमलं.

रविवारी मुलगी आली. बरोबर मोठी चाकांची बॅग. आल्या आल्या तिनं कपाट उघडलं, माझे शर्ट काढून खाटेवर रचायला लागली. तिनं ठरवूनच टाकलं होतं. डिपबाई दाराशी स्टुलावर बसली, आमच्याकडे पाठ करून.

"काकू, तुम्ही काही सांगायचं नाही हां त्यांना," मुलगी म्हणाली.

"मी कित्याक सांगू? माका बघवणा नाय म्हणान हयसून तोंड फिरवलंय."

मी पाणी ठेवलं. पुड्या, आलं, पाणी, बशी. मुलगी कमरेवर हात ठेवून उभी. मी मनात नावं म्हणत होतो. ती म्हणाली, "बाबा, किती वेळ? यावर लिहिलंय तीन मिनिटं."

"त्यांना लिहू दे."

"अहो, कडू होईल!"

दाराकडून डिपबाईचा आवाज आला, "जाला आधीच."

मी पुड्या पिळल्या. साखर घातली. पेल्यातलं दूध ओतलं. किटलीचं बटण बंद केलं, प्लग काढला, वायर गुंडाळून ठेवली, हे सगळं तिला दिसेल असं केलं. कप तिच्या हातात दिला.

तिनं उभ्यानं एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग खाटेची कड धरून ती जमिनीवर बसली, पाय पुढं पसरून, भिंतीला टेकून. शाळेतून आल्यावर बसायची तशी. तिसरा घोट घेऊन म्हणाली, "आलं जास्त झालंय."

लहानपणापासून ती तिच्या आईला रोज हे सांगायची. आईनं कधी आलं कमी केलं नाही.

मी म्हणालो, "उद्या कमी घालीन."

"नको." तिनं डोळे पुसले. "असंच राहू दे." सगळा कप संपवला. मग उठली, कप विसळला, किटली हातात घेऊन खालून वरून बघितली, बटण दोनदा दाबून बघितलं. फिटरची मुलगी. "यात दूध घालायचं नाही."

"नाही."

"रोज सकाळी आठला मला फोन करायचा. चहा झाल्यावर."

"करीन."

"एक दिवस चुकलात तर मी येईन आणि बॅग घेऊनच येईन."

"ये की. चहा प्यायला ये."

डिपबाई उठली. मी म्हणालो, "बाई, तुमचे उपकार…" तर म्हणाली, "उपकार कसले? असली चाय शिकवल्याचा पाप माझ्या डोक्यार. कोणाक सांगू नको," आणि दार लोटून आपल्या खोलीत गेली.

मुलगी बॅगेची चेन लावायला वाकली. रिकामी बॅग घरातून न्यायची नाही, हे तिला आईनंच शिकवलेलं. ती इकडेतिकडे बघायला लागली, काय घालावं. मी कपाटाचा वरचा खण उघडला. सहा महिने मी त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. आत बायकोच्या साड्या, ती घडी घालून गेली होती तशाच.

"या ने," म्हणालो.

"बाबा, नक्की?"

"मला काय नेसायच्यात?"

ती हसली आणि परत रडली. एकेक साडी उचलून तिनं बॅगेत ठेवली, घाई न करता. मी बॅग चार जिने उतरवून रिक्षापर्यंत नेऊन दिली आणि वर आलो.

वरचा खण रिकामा होता. माझे शर्ट खाटेवर रचलेलेच होते. इतकी वर्षं ते खालच्या अर्ध्या खणात कोंबलेले असायचे. चार वर ठेवले, चार खाली. आता शर्ट चुरगळत नाहीत.